भागवतकाकांची बुडणारी साम्राज्यं

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. रविवारी कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये भागवतकाकांच्या गच्चीत पोहे खायला बसावं, थंडीतलं ऊन अंगावर घ्यावं, की ते आपोआप साचत जातात. आम्ही चार मराठी घरं. काका बँकेतून रिटायर होऊन इथेच राहिलेले, आणि त्यांचा विषय एकच: मोठमोठी साम्राज्यं का बुडतात? ते बोलायला लागले की मला तर गोड गुंगीच येते.

*

एकदा सकाळी व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेत गेलो होतो. धुक्यात ती पांढरी इमारत तरंगल्यासारखी दिसत होती. काका म्हणाले, "एवढा संगमरवर लावायची हौस आली, की समजावं, मुक्काम हलणार! हे बांधलं आणि पंचवीसेक वर्षांत इंग्रज गेले."

त्यांच्या बायकोनं, सविताकाकूंनी, शांतपणे विचारलं, "अच्छा! म्हणून आपल्या बाथरूमच्या टाइल्स अडल्यात होय?"

*

आमच्यातला देशपांडे आयटीत. तो म्हणाला, "काका, आमच्याकडे मीटिंगची तयारी करायला वेगळी मीटिंग असते."

"संपलं! कारभार कारभारासाठीच चालायला लागला, की साम्राज्य गेलंच!"

देशपांडेनं दूरच्या आपल्या ऑफिसच्या काचेच्या इमारतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "अंदाजे कधी? गोव्याची तिकिटं काढून ठेवतो!"

*

मेजर शिंदे फोर्ट विल्यमला पोस्टिंगवर. काका रंगात आले होते. "इंग्रजांनी इतका भक्कम किल्ला बांधला, की त्यावर कुणी चालूनच आलं नाही. तट पक्का झाला की आतली माणसं पेंगायला लागतात!"

दाद मिळेल म्हणून त्यांनी मेजरसाहेबांकडे पाहिलं. साहेब पोह्यांची बशी मांडीवर धरून घोरत होते!

*

हसण्यावारी न्यायची नाही अशी एकच गोष्ट होती. काकांची नात ईरा, वय सहा, जन्म इथलाच. मराठी सगळी कळते, पण उत्तर बंगालीत, नाहीतर इंग्लिशमध्ये. काका एकदा हळूच म्हणाले, "तिच्या तोंडून एक अख्खं मराठी वाक्य ऐकायचंय मला. नाहीतर या घरातली मराठी माझ्याबरोबरच जाईल." ऐकून फार वाईट वाटलं.

मग त्यांनी फर्मान काढलं, जेवताना फक्त मराठी! ईरा वरणभात मुक्यानं जेवली. ताट रिकामं झालं तसं काकूंनी आणखी भात हवा का, ते तिच्या कानाशी वाकून बंगालीत विचारलं, "आर एकटू भात?" ईरानं आनंदानं मान डोलावली.

"फितुरी!" काका गरजले. "साम्राज्यं फितुरीनंच बुडतात!"

*

मागच्या रविवारी जेवणं झाली होती, उन्हात सगळेच पेंगत होते. आरामखुर्चीतले काका मात्र मराठ्यांवर आले होते. अटकेपार झेंडे लावणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते आम्हाला सांगितल्याशिवाय ते सोडणार नव्हते.

तेवढ्यात ईरा शेजारच्या बंगाली मासीमांकडून झोपून उठून आली. मासीमा तिला दुपारी झोपवतात ते इथल्या जुन्या धाकानं: झोप, नाहीतर बर्गी येतील. बर्गी म्हणजे एके काळी बंगाल लुटायला आलेले आपले मराठे घोडेस्वार!

ईरानं काकांच्या कपाळावर आपला इवलासा हात ठेवला.

"आजोबा, आता बोलू नका. झोपा पटकन, नाहीतर बर्गी येतील!"

काकांनी लगेच डोळे घट्ट मिटून घेतले.