खाटेत संतांनाही जागा नाही

मागदालेना नदीकाठच्या आमच्या गावात दुपारची जेवणं झाली की माणसं, कुत्री आणि दुकानदार एकदमच आडवे होतात. जागी राहते ती एकटी ओटिलिया. राहत्या घरातच तिचं पाळणाघर आहे, आणि बाळं सांभाळणाऱ्या बाईला इथे म्हणतात तसं सगळा गाव तिला 'सेन्यो' म्हणतो. मी तिच्याकडे स्वयंपाकाला आहे. युकाचे कंद उकडते, मासे तळते आणि तिच्या शिव्या ऐकते.

ओटिलिया पूर्वी धक्क्यावर मासे विकायची, आवाज तिथलाच. तिचे दोन नवरे पळाले, तिसऱ्याला तिनंच हाकललं. "नवऱ्याला झोपवायला रमची बाटली पुरते," ती म्हणते, "बाळाला झोपवायला अक्कल लागते."

ही अक्कल तिला उशिरा आली. सुरुवातीला तीही बाळांना पालथं निजवायची. खाली मऊ उशी, वर गोधडी, शेजारी कापडी ससा. पाठीवर थोपटलं की पोर गप्प. एका दुपारी नेफ्ताली नावाचं तान्हं बाळ जरा जास्तच गप्प वाटलं, म्हणून ती बघायला गेली. नाक उशीत रुतलेलं, ओठ जांभळे. तिनं त्याला झटकन उचललं, पाठ खसाखसा चोळली. पोरगं किंचाळलं आणि ओटिलियानं जमिनीवर बसकण मारली. तिच्या तोंडून एकही शिवी निघेना, तेव्हा मी खरी घाबरले.

संध्याकाळी तिनं नेफ्तालीच्या आईला स्वतःहून सगळं सांगितलं. आईनं तिच्या मुस्काटात मारली आणि पोराला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ओटिलिया दवाखान्यातल्या नर्सकडे जाऊन बसली. परत आली ती चरफडतच. "हे सगळं दवाखान्यातल्या वर्गात त्यांनी मला आधीच शिकवलं होतं गं! मी मागच्या बाकावर पेंगत होते."

तेव्हापासून तिच्याकडे बाळ उताणंच झोपतं. खाली घट्ट गादी, त्यावर ताणून बसवलेली चादर आणि वर नुसतं बाळ. उशी नाही, दुधाची बाटली नाही, टोपी नाही, गळ्यात दृष्टीचा लाल दोराही नाही. काही आठवड्यांनी नेफ्तालीची आई त्याला घेऊन परत आली. म्हणाली, "खोटं बोलली असतीस तर आले नसते."

मग आली दोन्या ब्रिखिदा; मोठ्या घरच्या बाईला इथे मानानं 'दोन्या' म्हणतात. औषधवाल्याची सासू आणि चर्चच्या मिरवणुकीची सर्वेसर्वा. काखेत नातू आलिरिओ, हातात भरतकामाची उशी.

"सेन्यो, या उशीला खुद्द बिशपनी आशीर्वाद दिलाय."

"मग त्यांनाच परत द्या, दोन्या. त्यांची मान मजबूत आहे."

"देवाधर्माशी असं बोलतेस?"

"देवाशी कुठे? उशीशी बोलतेय."

"अगं, उताणं निजवलं तर दूध घशात अडकेल! मी सात पोरं वाढवली, सगळी पालथी."

"नाही अडकत. बाळ गिळतं, नाहीतर खोकतं. मी पण नर्सशी असंच भांडून आलेय."

ब्रिखिदानं बाळाच्या छातीवर पिनेनं टाचलेल्या संताच्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं. "आणि या संतांचं काय करणार आहेस?"

"खिळ्याला टांगणार. तिथून त्यांना सगळ्याच पोरांवर लक्ष ठेवता येईल. खाटेत त्यांना जागा नाही."

ब्रिखिदा फणकारली. "मी इथेच बसते. पोराला काही झालं तर तुला तुरुंगात घालीन."

ती झुलत्या खुर्चीत बसली. आलिरिओनं पोलिसांना शरण आल्यासारखे दोन्ही हात वर केले आणि झोपून गेला. पंखा गरगरत होता. बघता बघता ब्रिखिदाची मान कलली आणि असं घोरणं सुरू झालं की दोन वर्षांची दार्लिस दचकून उठली. "सेन्यो, डुक्कर आलं!"

ओटिलिया नेहमीप्रमाणे एकेका खाटेपाशी वाकून श्वास आणि रंग बघत होती. खुर्चीपाशी आल्यावर तिनं म्हातारीच्याही नाकाखाली बोट धरलं. "चालू आहे. रंगही बरा आहे."

ब्रिखिदा दचकून जागी झाली आणि थेट खाटेकडे धावली. आलिरिओची छाती संथ वरखाली होत होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आठवं पोरही होतं मला. सकाळी उठले तर गार पडलेलं. देवानं नेलं, म्हणाले सगळे."

मला वाटलं, आता ओटिलिया काहीतरी खवचट बोलणार. तिनं काळी कॉफी आणून तिच्या हातात दिली. "तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, दोन्या. मला सांगितलं होतं, तरी ऐकलं नाही." बाळं उठेपर्यंत दोघी तिथेच बसून राहिल्या.

आता ब्रिखिदा रोज येते. पाळणाघराच्या दारातच खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या प्रत्येक बाळाचं गाठोडं उलटंपालटं करते. परवा तिनं खुद्द पाद्रीबाबांच्या भाचीची गोधडी हिसकावून घेतली. आया म्हणतात, यापेक्षा ओटिलिया परवडली. ती निदान हसून शिव्या द्यायची.