पाठीमागचा हशा

माझ्या पत्नीच्या मामांइतक्या जबाबदारीने टीव्ही पाहणारा मनुष्य साऱ्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसावा. मी भिडस्त माणूस. ठाम विधाने सहसा करीत नाही, पण हे एक करतो. अर्जुनी मोरगावच्या या मामांनी उमेदीची तीस वर्षे झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर म्हणून काढली. रंगमंचापुढच्या खड्ड्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून बसायचे आणि नटांना वाक्ये पुरवायची, हे त्यांचे काम. त्यामुळे प्रेक्षक त्यांनी कधी पाहिलाच नाही, केवळ ऐकला. हशा कानी पडताच ते सांगत, "हा बायांच्या बाजूनं आला," किंवा, "हे पाटलाले पाहून हासले, नाटकाले नाई."

निवृत्तीनंतर मुलाने टीव्हीला इंटरनेट जोडून दिले आणि मामांना एक विलायती विनोदी मालिका सापडली. इंग्लंडमधल्या खेड्यातले एक टपाल कार्यालय आणि तिथली चार भांडखोर माणसे, एवढाच तिचा ऐवज. पण ती वर्षानुवर्षे चालू आहे. मामांना इंग्रजी येत नाही. मी इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक, म्हणून दर रविवारी भाषांतरासाठी गोंदियाहून सकाळच्या गाडीने जातो. मात्र मी तोंड उघडले की मामा हात वर करतात. "थांबा जावई, हासू द्या लोकायले." त्यांचे सारे लक्ष मालिकेच्या पाठीमागे हसणाऱ्या त्या न दिसणाऱ्या लोकांकडे असते. एखादा हशा त्यांना पटत नाही. "हे मशीनचं हाय. सारे एकदमच चूप झाले, पाहा." जुन्या भागांतली वाक्ये तर त्यांना अर्थावाचून पाठ झाली आहेत. एकदा त्यातला टपालमास्तर बोलण्यापूर्वी अंमळ रेंगाळला, तेव्हा मामांनी त्याला वाक्य इतक्या जोरात पुरवले की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या.

गेल्या महिन्यात मात्र विपरीत घडले. मालिकेत म्हाताऱ्या कारकुनाचे काम करणारी नटी मालिका सोडून गेली असून तिच्या जागी नवी नटी येणार, ही बातमी मी वाचून दाखवली आणि मामांनी टीव्ही बंद केला. दोन रविवार तो लागलाच नाही. विचारले तर म्हणत, "डोळे दुखून राह्यले."

"डोळे कायले दुखतीन?" विळीवर वांगी चिरणाऱ्या मामी म्हणाल्या. "जावई, थे अंग्रेजीन नाई येऊन राह्यली परद्यावर, हे सोताच जाऊन राह्यले!"

मग मामींनीच सांगितले. तरुणपणी एका गावी कंपनीचा लाडका विनोदी नट आजारी पडला आणि त्याच्या जागी मामांना उभे केले गेले. पहिले वाक्य ते बिनचूक बोलले. कुणी हसले नाही. मामा त्याच पावली आत निघून गेले आणि पुन्हा रंगमंचावर चढले नाहीत. खड्डा त्यांनी स्वतःहून मागून घेतला होता.

"आता त्या बाईले कोनी हासलं नाई तं यायले चार दिवस जेवन जानार नाई," मामी म्हणाल्या. "पन लावा तुमी. होऊन जाऊ द्या एकदाचं."

मी तो भाग लावला. मामा डोळे मिटून पाटावर बसले. नवी बाई दार ढकलून आत आली, तिने भलामोठा भोपळा टेबलावर ठेवला आणि ती म्हणाली, "मी आजपासून इथे."

कुणी हसले नाही. मामींची विळी थांबली. विनोद समजावून देण्याची माझी जुनी खोड उसळून आली, पण ती मी दाबली. त्या बाईने काहीच केले नाही. ती उभी राहिली, आणि तिने समोरच्या तिघांकडे एकेक करून, अगदी सावकाश पाहिले. तेव्हा कुठूनतरी एकजण फिसकन हसला, मग दुसरा, आणि पाहता पाहता सारा जमाव खदखदला.

मामांनी डोळे उघडले. "खरं हाय," ते म्हणाले. "मानसं हायेत. बाप्पा, सुटली बिचारी!"

"मंग आता जेवता ना?" मामींनी विचारले, पण त्यांनीही पदराने कपाळ टिपले.

"थे थांबली, जावई," मामा म्हणाले. "मी थांबलोच नाई."

त्या बोलण्यात दुःख फारसे नव्हते; आपल्या घरचे कुणी परीक्षेत उत्तीर्ण व्हावे तसा निवांतपणा होता. पुढच्या प्रवेशात ती बाई पुन्हा दारात आली, तेव्हा मामा किंचित पुढे झुकले आणि अगदी हलक्या आवाजात तिला म्हणाले, "घाई नोको करू, माय."