बहिरा कान

मलेशियातल्या पासिर मास गावात निळ्या भाताच्या पुड्या विकणाऱ्या कलसोमला साठीत इंग्रजी शिकायची हौस आली ती नातवापायी. मुलगी ऑस्ट्रेलियात, पर्थला, आणि नातू फोनवर इंग्रजीशिवाय बोलेना. पातेलं रिकामं झालं की ती गावच्या सभागृहातल्या वर्गाला जाऊन बसे.

एकदा लिओंगबाईंनी 'टर्न अ डेफ इअर' शिकवलं. बहिरा कान पुढे करणं, म्हणजे लक्ष न देणं. "आता ज्याने त्याने वाक्य करा," त्या म्हणाल्या.

कलसोम उठली. "माझा नवरा माझ्यापुढे बहिरा कान करतो. रोज करतो."

वर्गात हशा पिकला. बाईही हसल्या. "वाक्य झकास आहे, मावशी. पण हे ऐकू येऊनही न ऐकणाऱ्याला म्हणतात हं. काकांना ऐकू येतं ना?"

"न यायला काय झालंय?" ती म्हणाली खरी, पण वाटेत तो प्रश्न तिला सोडेना. नवऱ्याची, अरिपिनची, सगळी उमर लाकडाच्या गिरणीत, करवतीशेजारी गेलेली. हल्ली कॉफीच्या दुकानात जाणं त्याने बंद केलं होतं. पाळलेला होला घेऊन पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेलाही जात नव्हता. होला गातोय का विचारलं, तर आधी पक्ष्याच्या गळ्याकडे बघायचा. तिला वाटायचं, म्हातारा तिरसट झालाय.

तो मागच्या अंगणात पाठमोरा बसून नारळ सोलत होता. दारातूनच ती म्हणाली, "अहो, तुमचा होला उडाला."

एरवी तो कोयता टाकून धावला असता. आता मान वळली नाही.

कलसोम अंगणात उतरली. ती जाऊन त्याच्या समोर बसली. "कधीपासून?"

त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं आणि कोयता खाली ठेवला. "गिरणी सोडायच्या आधीपासून."

"मग सांगायचं नाही?"

"तू चिडायचीस. चिडलेली बायको परवडली. कीव करणारी नको वाटली."

"मूर्ख आहात तुम्ही," ती पुटपुटली.

"हे बरं कळलं मला," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

कोटा भारू शहरातल्या डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून दिलं. सुरुवातीला ताटवाट्यांच्या आवाजाने वैतागून तो ते काढून ठेवायचा. ती परत हातात द्यायची. हळूहळू कान सरावले.

हल्ली तो संध्याकाळी कॉफी प्यायला जातो आणि उशिरा परततो. कोण काय म्हणालं ते एकाचं दोन करून सांगत बसतो. कलसोम तांदूळ निवडता निवडता, अर्धं न ऐकताच, हुंकार देते.