दोन बोटांचं माप

"ती बाई हात लांब केली, राणोजी. दोन बोटं लांब! म्हणून मी कापलों. काय चुकलों, सांग?"

"विचारल्यावांचून कापलांत काय, अण्णा? ती येऊन बघील तर?"

"बघू दे की! देवाचं माप मला शिकवील काय ती? ताडाची पट्टी दुमडून तीनदा मोजलों. अय्यो, उगीच चाकू लावलों काय मी!"

दत्ताजी तंजावरकडचा मराठी गडी, अठ्ठावन्न वर्षांचा. घरात आज्यापणज्याची मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि डोकं फिरलं की दोन्ही एकदमच. पंधराव्या वर्षी कावेरीकाठच्या मूर्तिकारांच्या हाताखाली मेण मळायला बसला. लग्न झाल्यावर अंबत्तूरच्या एका ओतकामाच्या कारखान्यात चिकटला तो आजतागायत. तिथं पंपाचे भाग ओतायचे, वर्षाकाठी चारसहा देवही. देवाचं मेण मात्र दत्ताजीच्याच हातचं. मूर्तीच्या चेहऱ्याएवढी ताडाच्या पानाची पट्टी कापायची, तिचे दुमडून बारा भाग करायचे. त्यातला एक भाग म्हणजे एक बोट. त्या बोटांनी मग देव डोक्यापासून टाचेपर्यंत मोजायचा. इतक्या वर्षांत त्याच्या एकाही देवाला ना शीर दिसली ना हाड. देवाला हाडं हवीत कशाला?

आणि दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्याच्यापुढं हा ख्रिस्त आला. नुंगंबाक्कमला राहणाऱ्या सुनेत्राबाईंनी एका चर्चसाठी घडवलेला, साडेतीन फुटांचा, मेणाचा, क्रुसावर लटकलेला. बाई मूळची साताऱ्याची, शिल्पं करायची. तिच्या ख्रिस्ताच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पोट पाठीला लागलेलं, हात ताणून काढलेले. बरगड्या दत्ताजीनं दात खाऊन सोसल्या. हात काही त्याला सोसवेनात. काखेपाशी कापले, गरम सुरीनं सांधा मिटवला आणि निघालेलं मेण पातेल्यात टाकून मोकळा झाला.

चार वाजता बाई मेण शेवटचं बघायला येणार होती. तिनं हो म्हटलं की मेणावर माती चढणार, मेण वितळून जाणार, त्या जागी कांसं. मग चूक असली तरी जन्माची.

राणोजी त्याच्याच गावाकडचा, भट्टीवर कामाला. तो विडी विझवून म्हणाला, "तो उभा आहे काय, अण्णा? टांगलेला माणूस तो. टांगलेलं अंग उभ्यासारखं राहील काय?"

दत्ताजीनं पट्टीकडं बघितलं, मेणाकडं बघितलं. मग शर्ट काढला.

"टांग मला."

"हां?"

"टांग म्हणतों नव्हे!"

साचे उचलायच्या साखळीला राणोजीनं लोखंडी पाइप आडवा बांधला. दत्ताजीच्या चेहऱ्याची नवी पट्टी कापली, हात पसरून उभं करून गळ्याच्या खळीपासून मनगटापर्यंत मोजलं. मग दत्ताजीनं लुंगी आवळली, पाइप धरला आणि राणोजीनं साखळी ओढली.

"हळू रे! मी पंप नव्हे!"

पाय जमिनीवरून सुटले आणि श्वास नरड्यात अडकला. खांदे कानाला भिडले, काखा फाटतात की काय असं झालं. दहीभातावर पोसलेलं पोट आत गेलं, आणि लग्नापासून कुणाला न दिसलेल्या बरगड्या वर आल्या.

"लवकर मोज! तिथं काय मुंडावळ्या बांधतोस?"

"दोन बोटं वाढला, अण्णा. उजवीकडे थोडा जास्तीच."

"उतरव मेल्या!"

अडीच वाजले होते. कत्तिरीच्या, म्हणजे मे महिन्यातल्या कडक उन्हानं मेण बोटाला चिकटत होतं. ओलं फडकं टाकून टाकून दत्ताजीनं ते थंड ठेवलं, सांधे पुन्हा उघडले, तेवढंच मेण भरलं. काखेची खळगी कशी करावी कळेना, तेव्हा स्वतःच्याच काखेत बोटं घालून चाचपली आणि तशी दाबली.

सुनेत्राबाई रिक्षातून उतरून आत आली. तिला पिशवीही खाली ठेवू न देता त्यानं सगळं सांगून टाकलं, नजर तिच्या चपलांवर ठेवून.

"कापले? दत्ताजी, तुम्ही हात कापले?" तिचा चेहरा उतरला. पिशवीतून मापांचा कागद आणि टेप काढून तिनं डावा हात मोजला, उजवा मोजला, परत डावा.

"बरोबर आहेत," ती म्हणाली आणि मातीच्या पोत्यावर बसलीच. "दोन्ही. पण तुम्हाला अंदाज आला कसा?"

"लटकले की अण्णा!" राणोजी म्हणाला. "पाइपला!"

बाई हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईतो. "मी आमच्या जिन्याच्या गजाला लटकले होते. नवऱ्यानं मोजलं. आठवडाभर मला वेणी घालता येत नव्हती."

"मग सांगाया नको काय आम्हांस?" दत्ताजी गुरगुरला.

"तुम्ही विचारलंत कुठं?"

सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही हे दत्ताजीला आत्ता आठवलं. तांब्याभर पाणी घटाघटा प्याला.

"ह्या देवाचं पोट तेवढं भरू काय थोडं? फार उपाशी दिसतोय."

"हात लावू नका! माती चढवा आता."

"सरि, सरि. राहिलं."

त्यानं चाळलेल्या मातीचं पातळ कालवण ढवळलं. हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून राणोजीला स्टूल आणायला लावलं, त्यावर चढला, आणि ब्रश बुडवून मनगटापासून माती लावायला सुरुवात केली.