विठूची अर्धी जोडी

निडी गावच्या विठूकडे बैल एकच. शेजारच्या कृष्णाबाईकडेही एकच. दोघांची मिळून जोडी: भाताच्या चिखलणीला आज त्याचं खाचर, उद्या तिचं, आणि तेवढे दिवस दोन्ही बैल विठूच्या गोठ्यात. बाईचा नवरा गेल्यापासून हे असंच चाललेलं. तिचा मुलगा अमोल रोह्याला कंपनीत. विठू शब्दाचा पक्का, असं गाव म्हणायचं. गावाला म्हणायला काय जातं!

गेल्या आषाढात विठूच्या गावठी बैलाला ताप भरला, उतरला, पुन्हा भरला. गुरांचे डॉक्टर हर्षद यांनी रक्त तपासलं. "सर्रा आहे. गोमाशीच्या चाव्यातून पसरतो. अंग या जंतूला ओळखून मारतं, पण उरलेले जंतू तोवर सदरा बदलतात. अंग बसतं जुना सदरा शोधत, म्हणून ताप फिरून येतो. सुई देतो, पण पुन्हा रक्त तपासेपर्यंत याला दुसऱ्या जनावराशेजारी बांधू नका."

ताप गेला, बैल पेंढा ओढू लागला. रोपं लावणीला आलेली. विठूने रक्त पुन्हा तपासून घेतलं नाही आणि कृष्णाबाईला चकार शब्द सांगितला नाही. बरा दिसतोय म्हणजे बरा!

तिचा बैल घाटावरचा, या दुखण्याशी त्याच्या अंगाची ओळखच नव्हती. चिखलणी झाली, त्याला ताप भरला, जागच्या जागी गोल फिरू लागला आणि श्रावणात मेला. विठूचा खुशाल रवंथ करत राहिला. लोक म्हणाले, घाटावरच्या जनावराला इथलं पाणी मानवलं नाही. विठू मूग गिळून बसला. लाज इतकी, की तिचं अंगण टाळून तो बांधावरून वळसा घेऊ लागला. मग गुपचूप डॉक्टरांकडे गेला. जंतू रक्तात अजून होतेच.

दिवाळीच्या पाडव्याला कृष्णाबाई गुरांना ओवाळायचं ताट घेऊन आपणहून त्याच्या गोठ्यात आली. "विठू, अमोलने नवा बैल आणलाय. उद्यापासून तुझ्या गोठ्यात बांधते. जोडीची सवय होऊ दे."

"नको, वयनी. माझ्या बैलाच्या रक्तात रोग हाय."

"कवापासून?"

"चिखलणीच्या आधीपासून."

"तुला ठाव व्हतं?"

"व्हय."

पुढे होऊन तिने विठूच्या बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं. विठूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "त्याला नको ओवाळू गो," तो म्हणाला.

"त्याची काय चूक? मुकं जनावर हाय ते. तुला तर बोलता येत व्हतं."