कोचचं मनगट

मुलींचा बास्केटबॉलचा सामना रंगला होता. कडेला उभे असलेले त्यांचे कोच एकेकाळी मोठे खेळाडू होते. त्यांची सही मिळावी म्हणून आम्ही कॉलेज बुडवायचो. आज माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "ते टोपीवाले कोण हो?"

एखादी मुलगी बास्केटकडे चेंडू टाकायची, तेव्हा कडेला सरांचाही रिकामा हात वर जायचा आणि मनगट अलगद पुढे वाकायचं. लोक आपल्याला विसरले, हे त्या मनगटाला कुणी सांगितलंच नसावं.

शेवटचा चेंडू जाळीतून खाली पडला. मैदान तो टाकणाऱ्या मुलीच्या नावाने दणाणलं. सरांचा हात अजून वरच होता. मग तो हळूच खाली आला आणि सर सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागले.