घेणाऱ्याचा माणूस

गोव्यातल्या साखळीत घरं विकून देणारे पैशाला पासरी. घेणाऱ्याच्या बाजूने उभी राहणारी सुविधा एकटीच. लग्नात भटजी एक चालतो, भांडणात वकील एक चालत नाही, हे घेणाऱ्याला वेगळा माणूस कशाला, ह्यावर तिचं ठरलेलं उत्तर. बाकीचे दलाल तिला आगाऊ म्हणत. तिला त्याचं बरंच वाटे.

शांताराम तिच्याकडे आला तो बायकोने, शालिनीने, ढकलला म्हणून. दोडामार्गाकडून खाणीवर ट्रक चालवायला आला, तेव्हापासून बिऱ्हाड भाड्याच्या खोलीत. आता डिचोलीजवळ एक घर मनात भरलं होतं. पुढच्या मोठ्या अंगणात गाळा बांधून मुलगा सागर गॅरेज काढणार होता. मध्ये आणखी माणूस कशाला, असं शांतारामचं म्हणणं. घर दाखवणारा नारायण त्याच्याच गावचा. तो कशाला फसवील?

"नारायण तुमच्या गावचो, खरें," सुविधा म्हणाली. "पण ह्या घराक तो कोणाचो?"

नारायणला विकणाऱ्याने नेमलं होतं.

सुविधाची एक रीत होती. दलालाला न सांगता ती गावात जाई आणि घर बघायच्या आधी शेजारी जाऊन बसे. ह्या घराच्या शेजारच्या चंद्रावतीकाकीने चहा दिला, उंडो पाव दिला आणि बोलता बोलता सगळं सांगून टाकलं. शिगम्यात, होळीच्या सणात, गावाचं रोमट, म्हणजे ढोल-ताशांचा मेळ, देवाच्या मांडावरून, गावाच्या जमायच्या जागेवरून, निघून पहिल्यांदा ह्याच अंगणात येतं. इथला नारळ घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. तिथे भिंत घालणाऱ्याला गाव सुखाने राहू देईल होय?

सुविधा तशीच उठून नारायणकडे गेली. रोमटाचं शांतारामला का सांगितलं नाही, असं तिने विचारलं, तर त्याने विचारलंच नाही, असं तो हसत म्हणाला. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ह्यासाठीच घेणाऱ्याला आपला माणूस लागतो, विचारायला!

संध्याकाळी तिने शांतारामला आडपडदा न ठेवता सांगितलं. गाळा इथे होणार नाही. हे सोडा, दुसरं शोधू. शांतारामचा चेहरा उतरला. शालिनीने मात्र, रोमट दर वर्षी येतं का, एवढंच विचारलं. येतं, म्हटल्यावर ती नवऱ्याकडे वळली.

"एवढी वर्सां भाड्यान रवलंव. कधी कोणाचा रोमट आमच्या दारात इला? माका ह्याच घर व्हया."

सुविधा चकित झाली. आपण खोट म्हणून सांगितलं, त्यावरच ही भाळली! पण घेणारी ती, राहणारी ती. मग सुविधाने पदर खोचला. गाळा बांधता येत नाही म्हणून नारायणशी भांडून किंमत उतरवली आणि सागरला रस्त्यालगत भाड्याची जागा बघून दिली.

शिगम्याला ती मुद्दाम चंद्रावतीकाकीकडे येऊन थांबली. ढोल वाजत अंगणात शिरले. शांताराम नारळ घेऊन पुढे झाला. घरासाठी देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, हे घर कोणाचं? शांतारामने सवयीने घरमालकाला शोधत मागे बघितलं.

शालिनीने दारातून ठणकावून सांगितलं, "आमचा."